हेल्मेटमध्ये हवा खेळते का? रोज गाडी चालवणाऱ्या नवख्यांसाठी

माझ्या पहिल्या फुल फेस हेल्मेटला बाहेरून नऊ भोकं दिसत होती. घेताना मी ती मोजली होती आणि त्या मोजणीवर खूश होऊनच ते घेतलं होतं. पुढचा महिनाभर रोज डोकं घामाने चिंब. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी आतलं अस्तर काढलं, टॉर्च लावून पाहिलं, तर नऊपैकी तीनच भोकं आरपार निघाली. उरलेली सहा म्हणजे वरवरची नक्षी होती. मागे बोट लावलं तर सरळ थर्माकोलची भिंत.

म्हणून हा लेख. लांबच्या सहली किंवा रेसिंग इथे नाही. रोज कामावर जायचं, दर थोड्या वेळाने सिग्नलला थांबायचं, वेग २० ते ६० च्या मध्ये कुठेतरी, अशा माणसाने हेल्मेटमधली हवा कशी तपासायची आणि आहे त्याच हेल्मेटमधून जास्त हवा कशी मिळवायची, एवढंच.

पायरी १ : ते गरम का होतं, हे एकदा समजून घ्या

बाहेरचं कवच प्लॅस्टिकचं किंवा फायबरचं असतं, पण धक्का जिरवायचं मुख्य काम त्याच्या आतला जाड थर करतो. तो थर म्हणजे थर्माकोलच, फक्त जास्त घट्ट. आपटल्यावर तो चेपतो आणि डोक्याला बसणारा जोर स्वतःवर घेतो. याच थर्माकोलचा दुसरा गुण मात्र आपल्या मुळावर येतो. बर्फ वितळू नये म्हणून ज्याचे खोके वापरतात, त्याच्याच आत आपण डोकं घालून बसतो. डोक्याची उष्णता कवचातून बाहेर जाईल ही आशा सोडून द्या. ती जाणार हवेबरोबर, नाहीतर जाणारच नाही.

आणि हवेचंही काम नुसतं ‘गार वारा लागणं’ हे नाही. कातडीचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याहून गरम असेल तर ती हवा उलट डोकं तापवते. तेव्हा गारवा मिळतो तो फक्त घाम वाळल्याने. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोजूल उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंब होऊन कानामागून ओघळला तर जवळजवळ काहीच नेत नाही, फक्त कॉलर भिजवतो. म्हणजे आपल्याला हवी आहे डोक्याच्या कातडीवरून सतत सरकणारी हवा. दमट दिवसांत घाम मुळातच हळू वाळतो, त्यामुळे त्या दिवसांत चांगलं हेल्मेटही थोडं हात टेकतं. त्यात हेल्मेटचा दोष नसतो.

पायरी २ : आत येणाऱ्या हवेची वाट शोधा

हेल्मेटमधली हवा पाण्यासारखी आहे. आत यायला तोंड हवं, मधून जायला पाट हवा आणि बाहेर पडायला दुसरं तोंड हवं. तिन्हींतलं एक नसेल तर बाकी दोन्ही वाया.

आत यायची तोंडं दोन जागी असतात: हनुवटीवर आणि कपाळाच्या वर. पाट म्हणजे थर्माकोलमध्ये पुढून मागे कोरलेल्या खाचा. चांगल्या हेल्मेटमध्ये त्या बोट फिरवून जाणवतात, करंगळीचं टोक बसेल इतक्या खोल. बाहेर पडायची तोंडं मागच्या बाजूला, बहुतेकदा एखाद्या उंचवट्याच्या आडोशाला असतात. ते उगाच नाही. गाडी धावताना समोरून दाब येतो आणि मागे दाब कमी होतो, त्या कमी दाबाकडे आतली हवा ओढली जाते. मागची भोकं नसतील तर समोरची हवा आत शिरतच नाही, दारात उभी राहते.

आता हे घरी तपासा. अस्तर बहुतेकदा बटणांवर बसवलेलं असतं, हळूच ओढून काढा. खोलीतला दिवा बंद करून बाहेरच्या प्रत्येक भोकावर टॉर्च धरा आणि आत बघा. उजेड आला की भोक खरं. काही भोकं आत वळणाने उघडतात, तिथे उजेड येत नाही. त्यांच्यावर बाहेरून तोंडाने फुंकर मारा आणि आत बोटाचं टोक ओलं करून धरा, गार लागलं तर वाट आहे. भोकं मिटायच्या झडपा असतील तर त्या उघडून एकदा आणि बंद करून एकदा, दोन्ही वेळा बघा. काही झडपा ‘बंद’ केल्यावरही निम्म्या उघड्या राहतात, हे पावसात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

मग अस्तर परत बसवा आणि पुन्हा आत बघा. ही गोष्ट बहुतेकजण विसरतात. थर्माकोलला भोक आहे, पण त्याच्या नेमकं वर जाड स्पंज आला, तर ते भोक असून नसल्यासारखं. अस्तराला त्याच जागी जाळी किंवा मोकळी जागा असायला हवी.

शेवटची चाचणी टेबल फॅनची. हेल्मेट हातभर अंतरावर फॅनसमोर, तोंड फॅनकडे करून धरा आणि टिश्यू पेपरची बारीक पट्टी मागच्या भोकाबाहेर लोंबकळू द्या. पट्टी बाहेरच्या बाजूला हलली तर हवा आरपार जाते आहे. नुसती कवचाच्या कडेने फडफडली तर तो बाहेरून वळून गेलेला वारा आहे, त्याला फसू नका. हातरुमालाने कडा झाकून पुन्हा बघितलं की फरक कळतो.

पायरी ३ : नवीन घेताना

आधी माप. ‘थोडं सैल घेतलं तर हवा खेळेल’ हा सल्ला मला तिघांनी दिला आणि तिन्ही वेळा तो चूक होता. सैल हेल्मेट आपटताना डोक्यावरून सरकतं, मग आतला थर्माकोल हवा तिथे राहत नाही. हेल्मेट घालून डावी-उजवीकडे हलवा. गालाची आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. गालांना ते नवीन असताना दाबतं, काही आठवड्यांत स्पंज बसतो. हवेसाठी मापाशी तडजोड करू नका, त्यासाठी पुढे बरेच उपाय आहेत.

दुसरी गोष्ट, शिक्क्यांकडून हवेची अपेक्षा ठेवू नका. युरोपातला ईसीई २२.०६, अमेरिकेतले डॉट किंवा स्नेल हे शिक्के सुरक्षेचे आहेत, ते बघूनच घ्या. ब्रिटनमधल्या शार्प योजनेत हेल्मेटला एक ते पाच तारे मिळतात, तेही आपटण्याच्या चाचणीवरून. हवा किती येते हे या शिक्क्यांवरून किंवा ताऱ्यांवरून कळत नाही. ते तुमच्या बोटांनी आणि टॉर्चनेच ठरवायचं.

प्रकारांबद्दल थोडक्यात. उघड्या तोंडाच्या हेल्मेटमध्ये चेहऱ्याला हवा भरपूर, पण हनुवटी आणि जबडा उघडा. मी स्वतः ते घेत नाही. फुल फेसमध्ये संरक्षण सर्वात चांगलं आणि हवेचा फरक मॉडेलप्रमाणे प्रचंड. हनुवटीचा भाग वर उचलता येणारं, म्हणजे मॉड्युलर हेल्मेट, सिग्नलला सोयीचं. मात्र थोडं जड असतं, आणि हनुवटी वर ठेवून गाडी चालवायची असेल तर ईसीईच्या लेबलवर ‘पी/जे’ असं लिहिलेलं आहे का बघा. ‘पी’ म्हणजे हनुवटी खाली असताना संरक्षण मान्य, ‘जे’ म्हणजे उघडं असतानाही मान्य. नुसतं ‘पी’ असेल तर हनुवटी लावूनच चालवा. वर छज्जा असलेली, पुढे निमुळत्या हनुवटीची हेल्मेटं कमी वेगात छान मोकळी वाटतात, पण वेग वाढला की छज्जा वारा पकडतो आणि मान दुखते.

घालून बघताना दहा-पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवा. घाई करणाऱ्या माणसाकडे लक्ष देऊ नका. हातमोजे घालून, न बघता, हनुवटीची आणि डोक्यावरची झडप उघडून-मिटून बघा. बोटाला सापडत नाही अशी झडप रस्त्यावर कधीच वापरली जात नाही. अंधारात, पावसात, एका हाताने ती उघडायची आहे हे लक्षात ठेवा.

पायरी ४ : कमी वेगात काय करायचं

रोजच्या चालकाचं खरं दुखणं इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणारा दाब सुमारे ३०० पास्कल असतो, म्हणजे साधारण ३ सेंटिमीटर उंच पाणी पेलण्याइतका. ताशी २० ला तोच दाब १९ पास्कलच्या आसपास, म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर पाणी. सोळा पटींचा फरक. एवढ्याशा दाबाने हवा बारीक भोकातून, वळणावळणाच्या पाटातून, स्पंजाच्या कडेने डोक्यापर्यंत पोचावी अशी अपेक्षा करणं म्हणजे मुंगीकडून मोळी ओढून घेणं. आणि सिग्नलला उभे असाल तर दाब शून्य. तेव्हा महागड्या आणि साध्या हेल्मेटच्या डोक्यावरच्या भोकांत फारसा फरक उरत नाही.

यावरून रोजच्या चालकाने हवेची निवड कशी करायची ते ठरतं. डोक्यावरच्या झडपांपेक्षा हनुवटीचं तोंड आणि डोळ्यांपुढची काच यांकडे जास्त लक्ष द्या. हनुवटीचं तोंड मोठं असावं, आणि काच अगदी थोडी, पहिल्या खाचेत उघडी राहिली पाहिजे. ही ‘पहिली खाच’ फार मोलाची. पाच-सात मिलिमीटरची फट पडते, डोळ्यांत धूळ फारशी जात नाही आणि चेहऱ्यावरून हवा सरकते. घेताना काच वर-खाली करून बघा: पहिल्या खाचेत ती ठामपणे थांबते, की वाऱ्याने आपोआप मिटते किंवा पूर्ण उघडते? ज्या काचेला पहिली खाच नाही किंवा ती ढिली आहे, ते हेल्मेट रोजच्या गर्दीसाठी मी घेणार नाही, बाकी कितीही भोकं असोत.

सिग्नलला माझा क्रम असा: गाडी पूर्ण थांबली, पाय टेकला, की काच पूर्ण वर. हिरवा व्हायच्या आधी पुन्हा पहिल्या खाचेत. गाडी हलल्यावर काच चाचपडत बसू नका. उभं असताना काच बंद ठेवली की आपण सोडलेलीच हवा पुन्हा आत घेतो, आतला कार्बन डायऑक्साइड वाढतो. स्वित्झर्लंडमधल्या एम्पा या संस्थेत हेल्मेटमधल्या हवेवर मोजमापं झाली आहेत. काच उघडली की हा कार्बन डायऑक्साइड कमी होतो. लांब सिग्नलला येणारा जडपणा दरवेळी उकाड्याचाच असतो असं नाही.

सावलीचा मोह बाळगा. थांबायचंच आहे तर दोन गाड्या मागे, झाडाखाली थांबलेलं काय वाईट?

पायरी ५ : तुमची गाडी आणि तुमची बैठक

चांगलं हेल्मेट एका गाडीवर वारेमाप हवा देतं आणि दुसऱ्यावर गप्प बसतं. कारण भोकं एका ठरावीक कोनात समोर यावीत अशी केलेली असतात. पुढे झुकून बसणाऱ्याच्या डोक्याचा वरचा भाग वाऱ्याला सामोरा येतो, तिथली झडप काम करते. सरळ ताठ बसणाऱ्याचं कपाळ समोर असतं, त्याला कपाळाजवळचं तोंड उपयोगी. डोक्याच्या अगदी टाळूवर भोकं आणि ताठ बसायची स्कूटर, ही जोडी जमत नाही.

मग समोरची काच, म्हणजे गाडीची विंडस्क्रीन. उंच विंडस्क्रीन वारा डोक्यावरून उडवून लावते आणि मागे हवेची भोवऱ्यासारखी घुसळण उरते. त्या घुसळणीत आवाज खूप, हवा कमी. तपासायची सोपी रीत: मोकळ्या, सरळ रस्त्यावर, नेहमीच्या वेगाला, पाठ ताठ करून डोकं चार-पाच सेंटिमीटर वर न्या. एकदम कपाळ गार झालं आणि आवाज बदलला, तर हेल्मेट बरोबर आहे, अडथळा विंडस्क्रीनचा आहे. ती खाली करता येत असेल तर करा, नाहीतर उन्हाळ्यापुरती काढून ठेवा.

मागे बसणाऱ्याची गोष्ट वेगळीच. तो चालकाच्या पाठीमागच्या शांत हवेत असतो, त्याच्या हेल्मेटच्या भोकांना वाराच मिळत नाही. ‘मला तर काही गरम होत नाही’ असं त्याला सांगू नका. शक्य असेल तर मागच्याला जास्त मोकळं हेल्मेट द्या.

पाठीवरची उंच सॅक आणि जाड कॉलर यांकडेही बघा. हेल्मेटच्या खालच्या मागच्या कडेतूनही हवा बाहेर पडते. तिथे सॅकचा वरचा भाग टेकला की ते दार बंद.

पायरी ६ : आपल्या हेल्मेटचा स्वभाव जाणून घ्या

एकच रस्ता, एकच वेग, एकच वेळ. पहिल्या दिवशी सगळ्या झडपा बंद. दुसऱ्या दिवशी फक्त हनुवटी. तिसऱ्या दिवशी फक्त वरची. चौथ्या दिवशी सगळ्या उघड्या. पाचव्या दिवशी सगळ्या उघड्या आणि काच पहिल्या खाचेत. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर काही कळत नाही. माझ्या आत्ताच्या हेल्मेटवर वरच्या झडपांनी ४० च्या खाली काहीच फरक पडत नाही, ५० नंतर टाळू गार लागते. हे कळल्यापासून गर्दीत मी त्यांच्या नादाला लागत नाही.

झडपा उघडल्या की आवाज वाढतो, हेही त्याच आठवड्यात कळेल. रोजच्या कमी वेगात तो चालतो. रोजच मोठ्या रस्त्यावर लांब जायचं असेल तर कानात इअरप्लग घाला, पण हवा बंद करून आवाज कमी करायला जाऊ नका.

पायरी ७ : केस, टोपी आणि रुमाल

एम्पामध्ये तापवलेल्या कृत्रिम डोक्यावर हेल्मेटं चढवून आणि समोरून वारा सोडून उष्णता किती बाहेर जाते हे मोजलं गेलं आहे. त्यात केसांचा विग चढवल्यावर टाळूवरून जाणारी उष्णता कमी झाली. केस कापा असं मी म्हणत नाही. पण दाट केसांवर आणखी जाड सुती रुमाल बांधला तर हवेच्या वाटेत आपणच उशी ठेवली. सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं. आत काही घालायचंच असेल तर पातळ, ताणला जाणारा, घाम पसरवून वाळवणारा कृत्रिम धाग्याचा कॅप घाला. त्याचा खरा फायदा हेल्मेटचं अस्तर स्वच्छ राहण्याचा आहे. लांब केस हेल्मेटच्या आत वर गुंडाळून ठेवू नका, मानेवर खाली सैल बांधा. वर गुंडाळले की पाट बंद होतात आणि मापही बिघडतं.

कोरड्या हवेत मानेभोवती ओला रुमाल मस्त काम करतो. दमट हवेत तो नुसताच ओला राहतो.

पायरी ८ : काचेवरची वाफ

हवेचा प्रश्न फक्त उन्हाळ्याचा नाही. थंडी-पावसात श्वासातली गरम वाफ गार काचेवर जमते आणि समोरचं दिसेनासं होतं. इथेही पहिला उपाय तीच पहिली खाच. दुसरा, हनुवटीचं तोंड आतल्या बाजूने कुठे उघडतं ते बघा. काही हेल्मेटांत ते ओठांवर फुंकतं, काहींत काचेकडे वर. काचेकडे वळणारं हवं. तिसरा, नाकाजवळची रबरी पट्टी. ती श्वास खाली ढकलते. लोक ती टोचते म्हणून काढून फेकतात आणि मग काचेला दोष देतात.

याहून पक्का उपाय म्हणजे पिनलॉक, काचेच्या आत बसणारी दुसरी पातळ काच. दोन काचांमध्ये हवेचा थर राहतो, त्यामुळे आतली काच फार गार होत नाही, शिवाय ती थोडा ओलावा शोषते. तिच्या कडेने सिलिकॉनची बारीक रेघ असते, ती सगळीकडे चिकटलेली हवी. एका कोपऱ्यात फट राहिली तर दोन्हींच्या मधेच वाफ जमते आणि ती पुसताही येत नाही. ही आतली काच मऊ असते, कोरड्या कापडाने घासलीत तर चरे पडतील. चष्मा असेल तर सिग्नलला काच उघडण्याची सवय दुप्पट कामाची, कारण पिनलॉक चष्म्याची वाफ थांबवत नाही.

भांड्याच्या साबणाचा पातळ हात काचेच्या आतून फिरवण्याचा घरगुती उपाय दिवसा चालतो. रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, तेव्हा तो टाळा.

पायरी ९ : जे अजिबात करायचं नाही, आणि सांभाळ

जास्त हवेसाठी कवचाला ड्रिलने भोक पाडू नका. थर्माकोल कोरू नका. अस्तर कायमचं काढून टाकू नका, कारण मग हेल्मेट सैल होतं. पेट्रोल, थिनर किंवा तसल्या कशानेही पुसू नका. थर्माकोल आणि काच दोन्ही त्यात खराब होतात. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट हवेला कितीही चांगलं असलं तरी बदला, चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही.

महिन्यातून एकदा झडपांमधली धूळ आणि मेलेले किडे जुन्या मऊ ब्रशने काढा. अडकलेली झडप जोर लावून ओढू नका, कोमट पाण्यात भिजवलेलं कापड थोडा वेळ तिच्यावर ठेवा, चिकटलेली माती सुटते. अस्तर साध्या शांपूने कोमट पाण्यात हाताने धुवा, न पिळता दाबून पाणी काढा, सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका.

आणि बसवताना कडा बघा. गेल्या पावसाळ्यात मी अस्तर धुतलं, घाईत बसवलं आणि त्यानंतर जवळजवळ दोन महिने हेल्मेटला नावं ठेवत हिंडलो. परत काढलं तेव्हा दिसलं की समोरची कड आत दुमडून कपाळाच्या दोन्ही भोकांवर बसली होती. बटणं मात्र सगळी नीट लागलेली.